दिव्याचा पंखा आणि छतातल्या दोन वायरी

इंदूरच्या महाराणी रोडवर पंखा घ्यायला गेलं की आधी पात्यांचा रंग, मग दिव्याची काच, मग किती स्टार यावर चर्चा होते. आपल्या छतातून वायरी किती येतात, हे खोकं घरी येऊन फुटेपर्यंत कुणी बघत नाही. दिव्याच्या पंख्याचं काम अडतं ते नेमकं तिथे. म्हणून खरेदीआधी शिडी लावा, मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा, जुन्या पंख्याची वरची वाटी खाली सरकवा आणि मोजा.

साध्या पंख्याला दोन वायरी पुरतात. बटणातून रेग्युलेटरमार्गे आलेला फेज ही एक, न्यूट्रल ही दुसरी. दिवा स्वतंत्र बटणावर हवा तर त्याच्या फेजची तिसरी लागते; न्यूट्रल दोघांना एकच चालतो. अर्थिंग धरून चार. अलीकडच्या फ्लॅटमध्ये या चारही कधी कधी मिळतात. रामबाग, नारायणबागेकडच्या जुन्या घरांत दोनच असतात, त्याही बऱ्याचदा एकाच रंगाच्या, आणि अर्थिंगचा पत्ता नसतो.

दोनच वायरी असतील तर सगळ्यात वाईट उपाय म्हणजे दिवा पंख्याच्याच फेजला जोडून टाकणे. त्याने दिवाही रेग्युलेटरमार्गेच चालतो. पंखा एकवर ठेवला की एलईडी फडफडतो किंवा गुणगुणतो, त्याचा ड्रायव्हर (आतलं वीज पुरवणारं सर्किट) लवकर जातो, आणि पंखा बंद केला की दिवाही बंद. तरी हा जोड सर्रास केला जातो, कारण पाच मिनिटांत होतो.

नीट उपाय दोन आहेत. पाइपात जागा असेल तर १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची एफआर (आग सहज न पसरू देणारी) वायर बोर्डापासून छतापर्यंत ओढून घ्यायची, सोबत तेवढीच हिरवी अर्थिंगची. एकच कोरी वायर ढकलली तर ती वळणावर अडते. जुन्या दोन्ही वायरींच्या वरच्या टोकाला चार नव्या एकदम बांधायच्या आणि जुन्या खालून ओढून काढायच्या. जुनी वायर ओढदोरीचं काम करते. गाठ लांबट ठेवा, वरून टेप घट्ट गुंडाळा, टाल्कम पावडर चोळा. जुनी वायर ॲल्युमिनियमची निघाली तर ती बदलायचीच आहे, कारण तांबं आणि ॲल्युमिनियम नुसते पिळून केलेला जोड काही वर्षांत सैल होऊन तापतो. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग असेल तर पाइपच नाही, तिथे केसिंग-कॅपिंग (भिंतीवर बसणारी झाकणाची पट्टी) लावावी लागते. हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

भिंत फोडायची नसेल तर दुसरा उपाय रिमोटचा पंखा. त्याला वरून फेज आणि न्यूट्रल एवढंच लागतं, दिव्याची आणि पंख्याची वाटणी आतला रिसीव्हर करतो. दुकानात दोन गोष्टी जरूर विचारा: भिंतीवरचं बटण बंद-चालू केल्यावर दिवा लागतो की नाही, आणि लाइट जाऊन आल्यावर पंखा आपोआप सुरू होतो की रिमोट शोधत बसावं लागतं. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, आणि रात्री दोन वाजता फरक कळतो.

रिमोटच्या किंवा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या) पंख्याआधी रेग्युलेटर ठेवायचा नाही. ‘पाचवर ठेवून द्या, काही होत नाही’ असं सांगणारे भेटतील. घरातलं कुणीतरी सवयीने तो दोनवर आणतं आणि ड्रायव्हरला तोडकीमोडकी लाइन मिळून तो उडतो. बोर्ड उघडून रेग्युलेटरच्या दोन वायरी कनेक्टरने एकमेकींना जोडा, रेग्युलेटर काढून टाका. बीएलडीसीचा खरा फायदा इन्व्हर्टरवर दिसतो. १२०० मिलिमीटरचा साधा पंखा साधारण ७० ते ७५ वॅट घेतो, बीएलडीसी ३०च्या आसपास. छतपंख्यांना स्टार लेबल १ जानेवारी २०२३पासून सक्तीचं आहे, तेव्हा वॅटचा आकडा लेबलवरच वाचा.

इन्व्हर्टरचा विषय निघालाच आहे तर धोका तिथेच आहे. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो लगेच पंख्याच्या पॉइंटला २३० व्होल्ट पाठवतो. नुसतं इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद करून मेन चालू ठेवला तर बऱ्याच इन्व्हर्टरांत मेनची लाइन बायपासने पुढे जातच राहते. म्हणून दोन्ही बंद करायचे. मग होल्डर, ४० वॅटचा बल्ब आणि दोन वायरी असा टेस्ट लॅम्प छतातल्या वायरींना लावून बघा. चालू सॉकेटवर तो आधी पेटवून बघितलेला असावा. निऑनच्या टेस्टरवर एकट्यावर भिस्त ठेवू नका. शेजारच्या वायरीच्या प्रभावानेही तो मिणमिणतो, आणि उन्हात तर पेटलेलाही दिसत नाही.

आता हूक. दिव्यासकट पंखा साध्यापेक्षा जड असतो आणि वजन खाली लोंबतं. स्लॅबच्या सळईत अडकवलेला हूक ठीक. गर्डर-फर्शीच्या छताला गर्डरवर क्लॅम्प घ्या, फर्शीत खुंटी ठोकू नका. लाकडी तुळईत आरपार बोल्ट, वरून वॉशर-नट. हूक झिजून मधे बारीक झालेला दिसला तर पंखा लावायचाच नाही. शॅकलमधली (हुकात अडकणाऱ्या कडीतली) रबरी रीळ नवीच घाला, कॉटर पिनची (बोल्ट निसटू न देणाऱ्या दुपाती पिनची) दोन्ही टोकं उलट बाजूंना वाकवा, सोबत आलेली सेफ्टी वायर हूकभोवती स्वतंत्र फिरवा. पाती जमिनीपासून आठ फुटांवर आणि छतापासून निदान फूटभर खाली असावीत. दिवा त्याहून खाली येतो, तेव्हा बुटक्या खोलीत आखूड पाइप घ्यावा लागतो.

जोड सोपे आहेत. अर्थिंग बॉडीला, पंख्याचा आणि दिव्याचा न्यूट्रल एकत्र छताच्या न्यूट्रलला, दोन्ही फेज आपापल्या जागी. पंख्यातून येणाऱ्या वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून कागद बघितल्याशिवाय जोडू नका. साध्या कपॅसिटरच्या पंख्यात कागद हरवला तर मल्टिमीटर काढा. मोटरच्या तीन वायरींपैकी ज्या दोघींत रोध (रेझिस्टन्स) सर्वांत जास्त, त्यांच्यामध्ये कपॅसिटर. उरलेली कॉमन, ती न्यूट्रलला. फेज कपॅसिटरच्या एका टोकाला. पंखा उलटा फिरला तर फेज दुसऱ्या टोकाला न्या. खालून बघताना साधारणपणे तो घड्याळाच्या उलट फिरायला हवा. अर्थिंग नसेल तर न्यूट्रलला बॉडी जोडून ‘अर्थिंग’ करू नका. न्यूट्रल कुठे तुटला तर अख्खा पंखा जिवंत होतो.

दिव्याचा न्यूट्रल शेजारच्या खोलीतून उसना घेण्याचा मोह टाळा. दोन सर्किटं वेगळ्या आरसीसीबीवर (करंट गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचवर) असतील तर एकीकडून गेलेला करंट दुसरीकडून परततो आणि दिवा लावताच आरसीसीबी पडतो. मग लोक नवा पंखा परत करायला दुकानात जातात.

बटण बंद असूनही एलईडी मंद उजळत राहिला तर दोन संशयित. बटणातला लाल इंडिकेटर, किंवा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं. दुसरं जुन्या घरात नेहमी सापडतं आणि ते लगेच दुरुस्त करावं, कारण बटण बंद असतानाही वर फेज उभा असतो. तीन रंगी दिवा आपोआप पिवळ्याचा पांढरा होत असेल तर दिव्यात दोष नाही, बटणाचा संपर्क किंवा वरचा जोड सैल आहे. क्षणभर लाइन तुटली की दिवा पुढचा रंग पकडतो.

पंखा नुसता गुणगुणतो पण फिरत नाही, तर आधी कपॅसिटर: बहुधा २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट, जुन्यावर लिहिलेलाच आकडा घ्या. डुलत असेल तर फूटपट्टी छताला उभी लावून प्रत्येक पात्याचं टोक तिच्यासमोर आणा आणि अंतर मोजा. एक पातं काही मिलिमीटर खाली निघालं तर त्याचे स्क्रू आवळा. अंतर सारखं असूनही डुलत असेल तर पाती बहुधा दोन वेगळ्या खोक्यांतली आहेत. काच बसवण्याआधी पंखा दहा मिनिटं पूर्ण वेगाने चालवून वाटी वर सरकवताना एखादी वायर चेपली गेली नाही ना, हे पाहा.

रेग्युलेटर काढल्यावर बोर्डात जे भोक उरतं, त्याला सियागंजात ब्लँक प्लेट मिळते. ते टेपने झाकून ठेवू नका. लहान मुलाचं बोट त्यात सहज जातं.