ऑफिसचं ॲप वाजत नाही, म्हणून व्हॉट्सॲप चालतं

नागपुरात मिहानमध्ये काय नि गायत्रीनगरच्या आयटी पार्कात काय, बहुतेक टीमचं बोलणं दोन जागी चालतं. कंपनीनं दिलेलं टीम्स किंवा स्लॅक हे चॅट ॲप एकीकडे, आणि कुणीतरी पहिल्याच आठवड्यात उघडलेला व्हॉट्सॲप ग्रुप दुसरीकडे. सिक्युरिटीवाले वर्षातून एकदा मेल पाठवतात की कामाचं बोलणं व्हॉट्सॲपवर करू नका. चार दिवस सगळे पाळतात. मग एका रात्री प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू सिस्टीम, बंद पडतं, टीम्सवरचा मेसेज कुणी पाहत नाही, आणि ग्रुपवर "भाऊ, कुणी जागं आहे का?" असं पडलं की दोन मिनिटांत तिघं लॉगिन करतात. त्या रात्रीनंतर त्या मेलला काही अर्थ उरत नाही.

लोक नियम मोडतात कारण व्हॉट्सॲप वाजतं आणि ऑफिसचं ॲप वाजत नाही. बंदीच्या आधी हे दुरुस्त करायला हवं, आणि ते दुरुस्त होतं.

अँड्रॉइड फोनवर ऑफिसचं ॲप का वाजत नाही, याची कारणं ठरलेली आहेत. अँड्रॉइड १३ पासून नव्यानं टाकलेल्या ॲपला नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते. घाईत "नको" दाबलं गेलं की ॲप चालतं, मेसेज येतात, पण आवाज होत नाही. दोनदा नकार दिला तर ते पुन्हा विचारतही नाही, सेटिंग्जमध्ये जाऊन हातानं चालू करावं लागतं. दुसरं कारण बॅटरी. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून डोझ आहे: फोन चार्जरवर नाही, हलत नाही, स्क्रीन बंद आहे, असं झालं की मागे चालणाऱ्या ॲपना झोपवलं जातं. तातडीचा म्हणून पाठवलेला मेसेज डोझमधूनही पोचतो. पण रेडमी, रिअलमी, ओप्पो, विवो या फोनवर कंपन्यांनी आपापली जास्तीची बॅटरी-बचत घातलेली असते, आणि ती ॲप पूर्ण बंदच करून टाकते. मग सकाळी फोन उघडला की रात्रीचे सतरा मेसेज एकदम येतात.

म्हणून टीममधल्या प्रत्येकाच्या फोनवर हे एकदा बसून करून घ्यावं. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात टीम्स, त्यात बॅटरी, आणि तिथे "अनरिस्ट्रिक्टेड". रेडमीवर याशिवाय "ऑटोस्टार्ट" चालू करावं लागतं, रिअलमी-ओप्पोवर "ऑटो लाँच". सॅमसंगवर ॲप "नेव्हर स्लीपिंग"च्या यादीत टाकावं. फोनचं मोठं अपडेट आलं की हे सगळं पुन्हा तपासावं. टीम्समध्ये आणखी दोन गोष्टी पाहायच्या. मोबाईल ॲपमध्ये शांत वेळ ठरवता येते. दुपारी दोन ते रात्री अकराच्या शिफ्टला गेलेल्या माणसानं जुनी संध्याकाळी आठची शांत वेळ तशीच ठेवली असेल तर शिफ्टचे शेवटचे तीन तास त्याचा फोन मुका असतो. आणि लॅपटॉपवर टीम्स चालू असताना मोबाईलवर नोटिफिकेशन अडवण्याचा पर्यायही असतो. तो चालू असेल तर लॅपटॉप सोडून जेवायला उठलेल्याला लगेच काही कळत नाही.

तपासणी नीट करा. सेटिंग बदलून तिथेच हातात फोन धरून मेसेज पाठवला तर तो वाजणारच, त्यानं काही सिद्ध होत नाही. फोन चार्जरवरून काढायचा, स्क्रीन बंद करून टेबलावर ठेवायचा, तासभर हात लावायचा नाही, आणि मग दुसऱ्यानं मेसेज पाठवायचा. चार्जरवर असताना डोझ लागतच नाही, म्हणून चार्जरला लावून केलेली चाचणी फसवी असते. घरी मात्र रात्री फोन चार्जरवर नसून उशाशी असतो. ही तासाभराची चाचणी जिथे केली जाते तिथे "ॲपच भंगार आहे" ही तक्रार बरीच कमी होते.

एवढं करूनही ऑन-कॉलचं, म्हणजे बिघाड झाला तर कुठल्याही वेळी उठायच्या पाळीचं, काम चॅटवर सोडू नये. चॅट हे चॅट आहे, भोंगा नाही. पेजरड्युटीसारख्या अलर्ट पाठवणाऱ्या साधनात आधी फोनवर नोटिफिकेशन, पाच मिनिटांत कुणी उचललं नाही तर प्रत्यक्ष फोन कॉल, आणि त्यानंतर दुसऱ्या माणसाला कॉल अशी पायरी लावता येते. त्यांचे कॉल ज्या नंबरांवरून येतात ते सगळे फोनमध्ये एका नावाखाली साठवून फेव्हरिट करावेत आणि "डू नॉट डिस्टर्ब"मध्ये फेव्हरिटना सूट द्यावी. हे न केल्यामुळे परदेशी नंबर म्हणून कॉल स्पॅममध्ये जातो आणि ऑन-कॉलवरचा माणूस शांत झोपलेला असतो. दोष त्याच्यावर येतो, आणि तो त्याचा नसतो.

आता वर्क प्रोफाइल. बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या फोनवर ऑफिसचा मेल हवा असेल तर आधी "कंपनी पोर्टल" हे ॲप टाकायला सांगतात. त्यातून फोनवर ऑफिसचा वेगळा कप्पा तयार झाला तर त्यातल्या ॲपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. "म्हणजे आता कंपनीला माझे फोटो दिसणार का?" हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो, आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं. स्वतःच्या फोनवरच्या वर्क प्रोफाइलमध्ये ॲडमिनला फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि त्या कप्प्यातली ॲप दिसतात. बाहेरचे फोटो, मेसेज, कॉल दिसत नाहीत. नोकरी सोडताना पुसला जातो तोही फक्त तो कप्पा. फोन कंपनीनं दिलेला असेल तर मात्र गणित वेगळं, तिथे काय दिसतं ते आयटीला विचारूनच घ्यावं. उलट बाजूनं ज्याची भीती वाटायला हवी ती गोष्ट लोक बिनधास्त करतात: कंपनीच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडून घरगुती गप्पा. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन वाटेतल्या चोरापासून वाचवतं. ज्या लॅपटॉपवर मेसेज उघडला आहे तो ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यापासून नाही.

वर्क प्रोफाइलची एक खोच ऑन-कॉलवाल्यांनी लक्षात ठेवावी. सुट्टीच्या दिवशी ब्रीफकेस "पॉज" करता येते, आणि ही फार चांगली सोय आहे, जरूर वापरा. पण पॉज केलं की आतली सगळी ॲप थांबतात. अलर्टचं ॲपही आत असेल तर तेही थांबतं. म्हणून ज्या आठवड्यात आपली पाळी आहे त्या आठवड्यात पॉज नको, किंवा अलर्टचा कॉल थेट मोबाईल नंबरवर येईल असं लावावं.

व्हॉट्सॲपवर कामाचं बोलण्यात नुकसान नेमकं कुठे होतं, ते एका फोटोवरून दिसतं. कुणीतरी एररचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. त्यात क्लायंटच्या ग्राहकाचं नाव, मोबाईल नंबर, खात्याचे शेवटचे आकडे. ग्रुपमध्ये चाळीस जण. ज्यांचं ऑटो-डाउनलोड चालू आहे त्यांच्या गॅलरीत तो फोटो उतरला. त्यातल्या ज्यांनी गुगल फोटोजमध्ये व्हॉट्सॲपचा फोल्डर बॅकअपला लावला आहे, त्यांच्या खासगी जीमेल खात्यात तो गेला. पाठवणाऱ्याला चूक कळली, त्यानं "डिलीट फॉर एव्हरीवन" केलं. ती सोय साधारण अडीच दिवस मिळते, पण तिनं चॅटमधला मेसेज जातो, क्लाउडवर चढलेली प्रत तशीच राहते. त्यातच आणखी एक गोष्ट: चॅटचा बॅकअप मुळात एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतो, २०२१ मध्ये आलेली ती सोय आपण स्वतः चालू करावी लागते.

पासवर्ड किंवा एपीआय की (एका प्रोग्रामला दुसऱ्या सिस्टीममध्ये शिरू देणारी गुप्त किल्ली) चुकून कुठल्याही चॅटवर गेली तर मेसेज पुसून भागत नाही. ती की रद्द करून नवी काढायची, त्याच तासात. आधी की बदला, मग मेसेज पुसा, मग मॅनेजरला सांगा. सांगायला लाजू नये, कारण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे त्यात मोडणारी सायबर घटना कळल्यापासून कंपनीला ६ तासांत कळवावी लागते. माणूस दोन दिवस गप्प बसला की ती मुदत कंपनीला पाळताच येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि अमेरिकन बँकांचं काम करणाऱ्यांनी हे जाणून असावं: सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या एसईसी या शेअर बाजार नियामकानं १६ वित्तसंस्थांना मिळून १.१ अब्ज डॉलरहून जास्त दंड केला, तो कर्मचारी खासगी ॲपवर कामाचं बोलत होते आणि त्याची नोंद ठेवली गेली नव्हती म्हणून. अशा क्लायंटच्या करारात चॅटबद्दल काय लिहिलंय ते टीम लीडनं वाचलेलंच हवं.

एक छोटी पण छळणारी गोष्ट. आयफोनवरून टाइप केलेली कमांड सहकाऱ्यानं टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला लेखी हुकूम देतात त्या खिडकीत, चिकटवली की चालत नाही. आयफोन दोन डॅश जोडून एक लांब रेघ करतो आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो. सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, आणि तिथे "स्मार्ट पंक्चुएशन" बंद. शिवाय कमांड नेहमी कोड ब्लॉकमध्येच (चॅटमधली मजकूर जसाच्या तसा ठेवणारी चौकट) टाकावी, आणि एरर फोटो काढून नव्हे, मजकूर म्हणून चिकटवावी. फोटोतला शब्द सहा महिन्यांनी शोधून सापडेलच याची खात्री नाही.

व्हॉट्सॲपसाठी मग काय उरतं? कॅब, पाऊस, पार्टी, कुणाच्या घरचं लग्न. यातही कॅबचं सांभाळून. महाराष्ट्रात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिला काम करत असतील तर त्यांची संमती आणि घरापर्यंतची वाहतूक ही मालकाची जबाबदारी आहे, २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ते आहे. त्यामुळे रात्रीच्या शिफ्टला कॅब असते. आणि कॅबची यादी, म्हणजे नाव, घरचा पत्ता, मोबाईल, उतरण्याची वेळ, हे सगळं एका फोटोत साठ जणांच्या ग्रुपवर पडतं. कोणती मुलगी रात्री किती वाजता कुठल्या गल्लीत एकटी उतरते, हे साठ फोनवर रोज जातं. हे आजच थांबायला हवं. ग्रुपवर फक्त रूट नंबर, वेळ आणि गाडीचे शेवटचे चार आकडे. पत्ता फक्त ट्रान्सपोर्ट डेस्ककडे आणि ड्रायव्हरकडे. लाइव्ह लोकेशन पाठवायचं तर घरच्या एका माणसाला, एका तासापुरतं, ग्रुपवर नाही.

लिंक्डइनबद्दल थोडक्यात. नव्या नोकरीचा फोटो टाका, आनंद आहे, पण गळ्यातलं ओळखपत्र काढून आणि मागचा मॉनिटर बंद करून. "अमुक क्लायंट, अमुक प्रॉडक्ट" असं पोस्टमध्ये लिहिलं की फसवणाऱ्याला अर्धं काम तयार मिळतं. थोड्याच दिवसांत अनोळखी नंबरवरून, डीपीला मोठ्या साहेबांचा फोटो लावून, "मीटिंगमध्ये आहे, फोन करू नको, एक तातडीचं काम आहे" असा मेसेज येऊ शकतो. तेव्हा ऑफिसच्या डिरेक्टरीतला नंबर काढून त्या साहेबांना फोन करा. रागावले तरी चालेल. लॉगिन मंजूर करायच्या सूचना न मागता एकामागून एक येऊ लागल्या तर एकही मंजूर करू नका आणि लगेच पासवर्ड बदला. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या कंत्राटदाराकडून आत शिरलेला हल्लेखोर याच वाटेनं गेला होता: सूचनांचा मारा, आणि मग आयटीचा माणूस असल्याचं सांगून व्हॉट्सॲपवर मेसेज.

माणूस कंपनी सोडतो तेव्हा आयटी टीम्सचं खातं त्याच दिवशी बंद करतं. व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याला काढायचं काम कुणाच्याच यादीत नसतं. ते यादीत घाला: ग्रुपमधून काढणं, तो ॲडमिन असेल तर आधी दुसऱ्याला ॲडमिन करणं, ग्रुपची आमंत्रण लिंक रीसेट करणं, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर जोडलेलं व्हॉट्सॲप त्यानं स्वतःच्या फोनमधल्या "लिंक्ड डिव्हाइसेस"मधून तोडलंय ना, हे लॅपटॉप जमा करून घेताना त्याच्यासमोरच पाहणं.