ड्रोन का नाही, हे तुम्ही विचारलेत म्हणून

मालगुंडच्या किनाऱ्यावर मी फोमबोर्डचे, रिमोटवर उडणारे विमान घेऊन उभा राहिलो की कोणीतरी विचारतेच, "मास्तर, एवढा खटाटोप करण्यापेक्षा ड्रोन का घेत नाही?" पैशांचे कारण पुढे करून मी आजवर हा प्रश्न टाळत आलो. ते कारण खरे नाही. मोटर, ईएससी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा भाग), सर्वो (विमानाच्या झडपा हलवणारी छोटी मोटर), रिसीव्हर, रिमोट आणि फुगून निकामी झालेल्या लिपो बॅटऱ्या यांची बेरीज केली, तर साधा ड्रोन केव्हाच घेऊन झाला असता.

ड्रोनच्या रिमोटवरच्या दोन्ही स्टिक सोडल्या तर तो जागच्या जागी तरंगत राहतो. आतले जायरो (कलणे ओळखणारे सेन्सर) आणि जीपीएस त्याला सांभाळतात. विमानाला असे थांबता येत नाही. पंखावरून पुरेशा वेगाने हवा वाहत राहिली तरच ते वर राहते. त्याचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरात यावा म्हणून बॅटरी मागेपुढे सरकवत बसावे लागते. ते आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटते, आणि झुकलेल्या पंखाच्या बाजूलाच स्टिक ढकलायची, हे डोक्याला कळले तरी अंगठ्याला कळायला फार काळ जातो. मला हे सगळे आवडते. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्याला, मोबाइलवर का खेळत नाहीस, असे कोणी विचारत नाही. मलाच आवडीचा खुलासा का मागितला जातो?

मात्र तुमच्यापैकी जे त्या सकाळी किनाऱ्यावर होते, त्यांच्या विचारण्याचा रोख वेगळा असतो, हे मला समजते.

थंडीच्या दिवसांत सकाळी आमच्याकडे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि ऊन तापले की तो पडून समुद्रावरून खारा वारा सुटतो. फळ्यावर बाण काढून मी हे शिकवत आलो आहे. त्या सकाळी उडवलेले विमान माझ्या मुलीने आणि मी दिवाळीच्या सुट्टीत मिळून केले होते. पंख तिने रंगवला होता, आणि हातातून सोडलेही तिनेच. सुरूच्या झाडांच्या अलीकडे ते सुरेख फिरले. बॅटरी संपत आली म्हणून मी ते समुद्राच्या अंगाने वळवून मतलईला तोंड देत उतरवायला घेतले. दोन पुरुष उंचीवर असताना समोरचा वारा पडला आणि मागून आला. असे विमान उतरताना सेकंदाला 8-9 मीटर वेगाने येते. समोरचा 2 मीटरचा वारा जाऊन मागून 3 मीटरचा आला, तर पंखावरून वाहणाऱ्या हवेचा वेग एकदम 5 मीटरने घटतो. डावा पंख खाली गेला. मी थ्रॉटल पूर्ण उघडला, पण सावरायला खाली उंचीच उरली नव्हती. विमान वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर आदळले, पंख मधोमध मोडला आणि मोटर उखडून वाळूत पडली.

आमच्या वाळूत लोहयुक्त काळे कण मुबलक आहेत. मोटरच्या चुंबकांना ते दाढीच्या खुंटांसारखे उभे चिकटले होते. मुलगी उकिडवी बसून नखाने एकेक कण काढू लागली आणि मान वर न करता म्हणाली, "बाबा, आपण ड्रोन घेऊया का?" त्यात टोमणा नव्हता. मी जे उत्तर दिले ते इथे लिहिणार नाही. तेवढ्यात होडीचा तांडेल, म्हणजे प्रमुख खलाशी, म्हणाला, "मास्तर, तिकडे पाणी काळवंडलं तेव्हाच वारा फिरला होता."

वाऱ्यापुढे कोणाचे काय चालणार, असे मी बरेच दिवस म्हणत होतो. पण तांडेलाला तो दिसला होता. यावर माझे म्हणणे असे की उडवणाऱ्याने नजर विमानावरून काढायची नसते. पाण्याकडे सोबतच्याने बघायचे असते. सोबत होती ती नऊ वर्षांची होती, आणि तीही विमानाकडेच बघत होती.

त्या काळी विमानात जायरो बसवणे म्हणजे लबाडी, असे मी ठासून सांगत असे. आज तितके ठासून सांगवत नाही. तरीही, जायरोने पंख सरळ धरायचा प्रयत्न केला असता, गेलेला वेग तो कुठून आणणार होता, हा मुद्दा मी सोडलेला नाही. मुलगी आता मे महिन्यात मामेभावाचा ड्रोन चालवते, आणि उत्तम चालवते. तिने वरून काढलेला आमच्या वाडीचा फोटो पाहून मी म्हणालो, मला फोटो कधी नकोच होता. "मग काय हवं होतं?" तिने विचारले. तिला मी अजून काही सांगू शकलेलो नाही, तेव्हा तुम्हालाही सांगता येत नाही.

जायरो मात्र मागवला आहे. तो तिने जोडायचा, विमान मी उडवायचे आणि पाण्याकडे तिने बघायचे, असा माझा बेत आहे. शिमग्याआधी उडवायला हवे. तिने अजून होकार दिलेला नाही.