कंबर १९ की २१?

पुढच्या महिन्यात भाच्याची मुंज आहे आणि लेकीला खणाचा परकर-पोलका शिवायचाय. शिवणाऱ्या ताई म्हणाल्या मापाचा फ्रॉक पाठवून द्या, पण आमचा मापाचा फ्रॉक म्हणजे मागच्या दिवाळीचा, तो आता टॉप म्हणून चालतोय. म्हटलं मापं मीच घेते, त्यात काय एवढं!

५ वर्षांचं पोर उभं कुठे राहतंय. छातीला टेप काखेखालून सरळ घ्यायची, आत दोन बोटं जातील इतकी सैल, तर हिला गुदगुल्या. कंबर भरली १९ इंच, मी लिहून पण टाकली, मग बघते तर बाईसाहेबांनी श्वास रोखून पोट आत घेतलेलं, का तर म्हणे बाबा जीन्स घालताना असंच करतात 😄 जेवण झाल्यावर परत मोजली तर २१. छाती २२. या वयात पोट पुढेच असतं मुलांचं, त्यामुळे कंबर नक्की कुठे धरायची हाच घोळ. आईने फोनवर युक्ती सांगितली, एक नाडी सैलसर बांध, जरा वाकू दे नाचू दे, नाडी जिथे बसेल ती कंबर. परकराची उंची तिथूनच घोट्यापर्यंत घेतली, २४.

बाहीचं माप घेताना कोपर थोडं वाकवायला सांगायचं, हात ताठ ठेवला की बाही आखूड होते.

आता वाढत्या अंगाचं काय? या वयात मुलं वर्षाला साधारण ५-६ सेंटीमीटर वाढतात, म्हणजे दोनेक इंच, पण ती वाढ सगळी पायांत नसते, त्यामुळे परकराला आतून २ इंचांची दुमड घातली तरी वर्ष-दीड वर्ष सहज निघतं. फक्त ती लवकर उसवा, नाहीतर बाहेरचा रंग उतरतो आणि दुमडीच्या जागी गडद पट्टा दिसतो. पोलक्याला बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, जास्त ठेवायला सांगितलीय.

मापं व्हॉट्सअ‍ॅप केली आणि खाली ठळक लिहिलं, "ही अंगाची मापं आहेत, लूज धरलेलं नाही." कारण मागच्या वेळी मी पण ३ इंच वाढवून दिले, शिवणाऱ्यांनी पण वाढवले, आणि त्या पोलक्यात ही आणि हिची मैत्रीण दोघी मावल्या असत्या.