कुलूप एक, चाव्या तीन: ह्वांगशानवर केलेला एक व्हिडिओ

नवं कुलूप घेतलं की त्याच्या कडीला दोन नाहीतर तीन चाव्या लटकत येतात. चीनमधल्या डोंगरांवर जोडपी साखळीला कुलूप लावतात, चावी दरीत भिरकावतात आणि आता आपलं नातं कुणाला उघडता येणार नाही म्हणून खूश होतात. हे मी इतक्या व्हिडिओंत पाहिलंय की पुढचा शॉट आधीच सांगू शकते: गंजकं कुलूप, धुकं, बासरी, पाठमोरी जोडी. पण उरलेल्या चाव्यांचं काय झालं, हे कुणीच विचारत नाही. एक फेकली, मग दुसरी? ती कुणाच्या खिशात आहे?

माझ्या व्हिडिओची कल्पना एवढीच होती. नवऱ्याला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे लोकांच्या संसारात भांडण लावायला आपण चीनला जायचं?" मी म्हटलं, हो.

जागा ठरवायला मात्र वेळ लागला. शीआनजवळच्या ह्वाशान डोंगरावर ‘सोनेरी कुलपाची खिंड’ नावाचं ठिकाणच आहे. तिथे साखळ्यांवर कुलपं आणि लाल फिती इतक्या, की साखळी शोधावी लागते. दृश्य म्हणून तेच सरस. तरी मी आनह्वेई प्रांतातला ह्वांगशान हा डोंगर निवडला आणि त्याचं कारण कुलपं नव्हती. ह्वांगशानवर दोर बांधून कड्यांवरून खाली उतरणारे सफाई कामगार आहेत. पर्यटकांनी वरून टाकलेला कचरा वेचायचा, हेच त्यांचं रोजचं काम. लोक चावी फेकतात त्या दिशेला उतरणारा माणूस मला हवा होता. पॅरिसमध्ये सीन नदीवरच्या पादचारी पुलाच्या कठड्याचा एक भाग 2014 साली कुलपांच्या वजनाने कोसळला, पुढच्या वर्षी टनावारी कुलपं काढावी लागली. ती बातमी जगभर गाजली. चाव्यांची बातमी कधी होत नाही, त्या गुपचूप खाली पडतात.

व्हिसाबद्दल फार लिहीत नाही. कागद नीट असले आणि हॉटेलांची नोंदणी हातात असली की तो कंटाळवाणा प्रकार आहे, अवघड नाही. तयारीतल्या तीन गोष्टी मात्र सांगण्यासारख्या. पहिली, ड्रोन घरी ठेवला. तिकडे 1 जानेवारी 2024 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे प्रत्येक ड्रोनची खऱ्या नावाने नोंदणी लागते, त्यात डोंगरावरच्या परवानगीचा वेगळा घोळ कोण घालणार? दुसरी, भारतातूनच रोमिंग घेऊन गेलो, त्यामुळे व्हॉट्सॲप आणि भाषांतराचं ॲप दोन्ही चालू राहिलं. स्थानिक वायफायवर त्यांची आशा सोडा. तिसरी, अलीपे या मोबाइलवरून पैसे देण्याच्या चिनी ॲपला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड मुंबईतच जोडून ठेवा. डोंगरावरचा टपरीवालाही क्यूआर कोडच पुढे करतो.

चौथी गोष्ट शांघायमध्ये सुचली आणि तिनेच व्हिडिओ तारला. रस्त्यात अनोळखी माणसापुढे मोबाइल धरून त्यात बोलायला लागलं की माणूस आधी बिचकतो, मग मोबाइलकडे बघून बोलतो आणि चेहरा मिळतच नाही. म्हणून मी जाड पुठ्ठ्यावर प्रश्न लिहून घ्यायचं ठरवलं. वर मोठ्या अक्षरात ‘बाकीच्या चाव्यांचं काय केलंत?’ आणि खाली बारीक अक्षरात ‘तुम्ही व्हिडिओत दिसलात तर चालेल का?’ ॲपने दिलेलं वाक्य हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीला दाखवलं. ती आधी खळखळून हसली, मग स्वतः पेन घेऊन सगळं नव्याने लिहिलं. मूळ वाक्यात काय घोटाळा होता, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

शांघायहून हाय-स्पीड रेल्वेने ह्वांगशान उत्तर स्टेशन, तिथून बसने पायथ्याचं थांगखौ. पुढे खासगी गाडी नेता येत नाही, उद्यानाच्या बसने रोपवेपर्यंत जायचं. आम्ही नोव्हेंबरात गेलो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चीनला राष्ट्रीय सुट्टी असते, त्या गर्दीत कॅमेरा उघडणंही मुश्कील. तिकीट 190 युआन, रोपवे आणि बस वेगळे. पासपोर्ट सतत हाताशी लागतो.

रोपवेने आपण वर पोचतो तेव्हा खालून पायऱ्यांवरून कावडीने सामान वाहणारे लोक येताना दिसतात. पाण्याच्या बाटल्या, भाजी, हॉटेलच्या चादरी. दोन्ही टोकांना ओझं, मधे बांबू, हातात एक काठी. थांबायचं झालं की ती काठी बांबूखाली टेकवतात आणि ओझं खांद्यावरून न उतरवता दम घेतात. वरच्या वस्तू महाग का, हे एकदा ते पाहिलं की विचारावंसं वाटत नाही. कुलपंही बहुधा तशीच वर येत असणार. चीनमध्ये झेच्यांग प्रांतातला फूच्यांग तालुका कुलपांच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो, आपल्याकडे जसं अलिगढ.

साखळ्यांवरच्या कुलपांसाठी सगळ्यात प्रसिद्ध शिखर म्हणजे थिएनतू. पण थिएनतू आणि 1864 मीटरचं लिएनह्वा, म्हणजे ह्वांगशानमधलं सर्वोच्च शिखर, ही दोन आळीपाळीने काही वर्षं बंद ठेवतात, झाडं आणि माती सावरावी म्हणून. आम्ही गेलो तेव्हा थिएनतूची पाळी होती. त्यामुळे शूटिंग फाइयुनथिंग या सज्जावर. समोर शीहायची दरी, कठड्याच्या साखळ्या कुलपांनी भरलेल्या, आणि संध्याकाळी सूर्यास्तासाठी लोक तासभर आधीपासून जागा धरून बसतात. मुलाखतीला वाट बघत बसलेल्या माणसाइतका चांगला माणूस नाही.

आधी आपलं कुलूप हवं. विक्रेत्याकडे पितळी रंगाचं निवडलं. कडीत तीन चाव्या. तो विजेच्या पेनाने नावं कोरून देत होता. मी कागदावर आमची दोघांची नावं देवनागरीत लिहून दिली. त्याने कागद सरळ धरला, उलटा धरला, पुन्हा सरळ केला. मग माझ्याकडे पाहून हवेत एक आडवी रेघ मारली, म्हणजे ही रेघ आहे का? आहे म्हटल्यावर त्याने आधी कुलपाच्या पोटावर सरळ शिरोरेषा ओढली आणि दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी एकेक अक्षरं खाली टांगली. पैसे अक्षरांवर होते, आणि नवऱ्याच्या नावात जोडाक्षर. ते एक धरायचं की दोन यावर बोटांनी बरीच वाटाघाट झाली. त्याने एक धरलं. हे सगळं सलग एका शॉटमध्ये मिळालंय आणि माझ्या मते व्हिडिओतला तोच उत्तम भाग आहे.

मग पुठ्ठा घेऊन फिरले. विद्यार्थ्यांच्या एका जोडीने तिन्ही चाव्या एकाच झटक्यात फेकल्याचं सांगितलं, त्यांना प्रश्नच विनोदी वाटला. दुसऱ्या एका मुलाने पुठ्ठा वाचला आणि त्याचा हात आपोआप जॅकेटच्या खिशावर गेला. मैत्रिणीने ते पाहिलं. कॅमेरा चालू होता. तिने शांतपणे हात पुढे केला, त्याने चावी दिली, तिने ती स्वतःच्या पर्समध्ये टाकली. एक शब्द नाही. चालेल का विचारलं तर दोघांनी माना डोलावल्या, तो जरा उशिरा. पन्नाशीच्या एका बाईंनी लग्नानंतर लावलेल्या कुलपाची चावी घरी ड्रॉवरमध्ये असल्याचं सांगितलं. त्यांचा नवरा म्हणाला, मला आजच कळतंय.

आणि एक आजोबा होते, त्यांचं कुलूप प्रेमाचं नव्हतंच. नातवाच्या परीक्षेसाठी लावलेलं. तिथे हेही खूप दिसतं, घरच्यांची तब्येत, मुलांचं शिक्षण, सगळ्यासाठी कुलपं. बाहेरच्या व्हिडिओंत फक्त जोडपी दाखवतात म्हणून आपल्याला वाटतं की हा सगळा प्रेमिकांचा मामला. आजोबांच्या तिन्ही चाव्या नातवाकडे होत्या. निकाल लागला की उघडायचं का, असं विचारलं तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढे गेले.

रात्री डोंगरावरच्या हॉटेलात डॉर्मिटरीत झोपलो. खोलीचे भाव बघून दुसरा विचार आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शीशिन शिखराकडे जाताना दोरवाला भेटला. कठड्यापलीकडून आधी हेल्मेट वर आलं, मग पाठीवरची पिशवी. त्यात बाटल्या, टिश्यू, कुणाची तरी टोपी. ॲपवर विचारलं, चाव्या सापडतात का? तो म्हणाला, शोधायला गेलो तर सापडतील, पण माझी नजर पांढऱ्या कागदांवर असते, चावी दगडासारखीच दिसते. चेहरा नको म्हणाला. मग फक्त त्याचे हातमोजे आणि दोराची गाठ घेतली. ते पुरेसं आहे, खरंतर जास्तच चांगलं आहे.

आमची चावी फेकायची नाही हे पटकथेतच लिहिलेलं होतं. पण फेकण्याचा शॉट तर हवा. नवऱ्याने मागून कॅमेरा लावला, मी चावी मुठीत आवळून पूर्ण ताकदीने हात फिरवला, पुढचा शॉट दरीचा. बघणाऱ्याला चावी गेलेली दिसते. मग पुन्हा माझा हात, आणि मूठ उघडली. फसवणूक करायची आणि लगेच पकडून द्यायची, हे मला आवडतं. शेजारच्या काकूंनी मात्र टाळ्या वाजवल्या आणि मूठ उघडल्यावर नाराज झाल्या.

एडिटिंगला बसल्यावर कळलं की कुलूप बंद होतानाचा ‘खट्’ वाऱ्यात बुडालाय. डोंगरावर वारा माइकच्या केसाळ टोपीलाही दाद देत नाही. शेवटी डोंबिवलीत, स्वयंपाकघराची खिडकी लावून, आमच्या सायकलच्या कुलपाचा आवाज रेकॉर्ड केला. तोच वापरलाय. बासरी नाही, कुठलंच संगीत नाही. मुलाखतींच्या मधे फक्त कावडीच्या बांबूची करकर.

तीन चाव्यांपैकी एक माझ्याकडे, एक नवऱ्याकडे. तिसरीसाठी व्हिडिओ कॉलवरच सासूबाईंनी नंबर लावला होता, "घराची जास्तीची चावी माझ्याकडेच असते ना, मग ही पण आण." आणली. त्यांनी ती गोदरेजच्या कपाटाच्या जुडग्यात अडकवली, चष्मा लावून व्हिडिओ पूर्ण पाहिला आणि विचारलं, "उघड्यावर आहे ते, पावसात गंजणार. लावताना आत दोन थेंब तेल सोडलं होतंस का?"