मिझी लेकची अख्खी फेरी मारू नका

‘सपाट आहे रे, सिंहगडाच्या निम्मंसुद्धा नाही,’ असं मला ज्या मित्राने सांगितलं, तो स्वतः मिझी लेकच्या पायवाटेला कधी गेलाच नव्हता. हे मला टोरांटोला परतल्यावर कळलं. तोवर मोजे फेकून दिले होते आणि उजवा कान वड्यासारखा सुजला होता. ही वाट आहे कॅनडातल्या अल्गॉन्क्विन उद्यानात. मेच्या शेवटी तिथे पक्षी बघायला कोणी निघालं असेल, तर आधी हे वाचा.

पहिला गैरसमज माझाच. अल्गॉन्क्विन म्हणजे सगळीकडे उत्तरेचं बोरियल जंगल, असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. 1893 साली स्थापन झालेलं, साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं हे उद्यान दोन जंगलांच्या सीमेवर बसलंय. पश्चिमेच्या टेकड्यांवर मेपलचं रान आणि खोलगट ओल्या जागी काळ्या स्प्रूसचे, म्हणजे सुयांसारख्या पानांच्या झाडांचे तुकडे. स्प्रूस ग्राउज, पाठ काळीभोर असलेला ब्लॅक-बॅक्ड सुतार, कॅनडा जे आणि बोरियल चिकडी हे चार पक्षी हवे असतील, तर ते तुकडेच गाठायचे. मेपलमध्ये हिंडून मान दुखते, बाकी काही नाही. उद्यानातून जाणारा 60 नंबरचा हायवे 56 किलोमीटरचा आहे आणि सगळे पत्ते पश्चिम गेटपासूनच्या किलोमीटरवर सांगतात.

आता मिझी. किलोमीटर 15 च्या पुढे पाटी आहे. अकरा किलोमीटरची फेरी, नऊ तळी-डबकी. अंतराचं मला काही वाटत नाही, चढही नावापुरता. पण मधला पट्टा! एका ठिकाणी बीव्हरने पाणी अडवलेलं, वाट पाण्याखाली. पुढे मुळांचं जाळं, त्यावर ओलं शेवाळ, मधल्या खाचांत काळा चिखल. त्यात एकदा पाय घातला तो गुडघ्याएवढा गेला. बूट हाताने उपसून काढला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ब्लॅकफ्लाय. आपल्या चिलटांएवढीच, पण डास परवडला. वाहत्या पाण्यात वाढतात, म्हणजे जिथे ओढा तिथे ढग. कॉलरमध्ये, बाहीत, कानामागे शिरतात. चावताना कळतसुद्धा नाही, हात लावला की रक्त. दुर्बीण डोळ्यांना लावायला दोन्ही हात वर जातात, तेवढ्यात त्यांचं काम होतं. त्या चार तासांत मी पक्षी बघितलेच नाहीत, नुसता थपडा मारत चाललो होतो.

आणि गंमत ऐका. तेवढं सगळं सोसून मी जिथे पोचलो, तिथे एक जोडपं कोरड्या बुटांनी उभं होतं! गाडीने आले होते म्हणे.

तर हे करा. किलोमीटर 15 च्या पुढे एरोव्हॉन रोडला वळा, कच्च्या रस्त्याने पाचेक किलोमीटर गेल्यावर जुन्या रेल्वेचा भराव लागतो. रूळ केव्हाच उखडलेत. तिथे उजवीकडे वळून थोडं पुढे गाडी लावायची आणि भरावावरून चालत वुल्फ हाउल पाँड आणि वेस्ट रोझ लेक. ते चार पक्षी मिळण्याची खरी जागा हीच, तीही सपाट. मला इथे सुतार मिळाला. मेलेल्या स्प्रूसच्या खोडावर साल सोलून फिक्या चकत्या पडलेल्या दिसल्या की थांबायचं. माझ्या डोक्यावरच ढलप्या पडत होत्या! नर होता, कपाळावर पिवळा ठिपका. कुत्रा नेऊ नका, हा पट्टाही मिझीच्याच फेरीत येतो आणि तिथे कुत्रा चालत नाही.

जाळीचं जॅकेट घरूनच न्या. मी वाटेतल्या एका दुकानात घेतलं, पासष्ट डॉलर. तेच टोरांटोशेजारच्या मिसिसागात निम्म्या किमतीला टांगलेलं बघून जी चिडचिड झाली, ती अजून उतरली नाही. कपडे फिके घाला, गडद निळ्यावर माश्या तुटून पडतात.

दुसरा दिवस छान गेला, त्यावर फार लिहीत नाही. फक्त स्प्रूस बॉग बोर्डवॉक, किलोमीटर 42 च्या पुढे, दीडच किलोमीटर. सकाळी सातला जा. सुरुवातीलाच नाव लिहायची पेटी आहे, तिथून चार पावलांवर ग्राउज बसला होता. कोंबडीएवढा, डोळ्यावर लाल भुवई, पाइनच्या सुया खुडत होता. मी खोकलो तरी ढिम्म. कर्नाळ्यात पान हललं की पक्षी गायब, आणि हा मठ्ठ माझ्या बुटाकडे बघत होता. मी चक्क हसलो.

कॅनडा जे शोधावा लागत नाही, तोच येतो. पायांत रंगीत कडी दिसतील. 1960 च्या दशकापासून इथे त्यांचा अभ्यास चालू आहे. हिवाळ्यासाठी अन्न थुंकीने सालीत चिकटवून ठेवतात आणि बर्फ असतानाच घरट्यात अंडी घालतात. शरद ऋतू उबदार गेला की तो साठा नासतो, म्हणून संख्या घटतेय. मेमधली पिल्लं काजळीसारखी काळपट असतात, दुसराच पक्षी समजू नका.

गाडीचा दिवसाचा परमिट ऑनलाइन आधीच काढा, मेपल लाल झाल्यावर तर मिळतच नाही. पहाटे हायवेवर हळू चालवा. रस्त्याकडेच्या खाऱ्या पाण्यासाठी मूस, म्हणजे इथली अवाढव्य हरणं, येतात, आम्हाला तीन दिसल्या. फोनला रेंज धरून चालू नका.

बोरियल चिकडी नाहीच मिळाली. फेब्रुवारीत परत जाणार, व्हिजिटर सेंटरच्या दाण्यांवर डोळा ठेवून. तेव्हा माश्या नसतात. मित्राला बरोबर नेणार आहे, गाडी तो चालवणार.