गावच्या कृषी प्रदर्शनात शेतमाल परत आणायचा तर

यात्रेला जोडून भरणारी खान्देशातली बरीच कृषी प्रदर्शनं आता नावालाच कृषी उरली आहेत. पुढे ट्रॅक्टर, ठिबकच्या नळ्या, बियाणे कंपन्यांचे फलक; रात्री ऑर्केस्ट्रा; आणि शेतमालाची टेबलं मंडपाच्या मागच्या कोपऱ्यात. कंपन्यांना हाकलायचं कारण नाही, मंडपाचा खर्च त्यांच्याच भाड्यातून निघतो. फक्त त्यांना बाहेरच्या अंगाला बसवा आणि त्यांचा भोंगा दुपारपर्यंत बंद ठेवा.

खरी दुरुस्ती स्पर्धेच्या पत्रकात आहे. ‘उत्कृष्ट भाजीपाला’ एवढंच छापलं की कोबी, टोमॅटो आणि वांगी एकाच रांगेत येतात, मग निकाल आकारावर लागतो, नाहीतर ओळखीवर. चाळीस गटांपेक्षा दहा-बाराच ठेवा, पण नेमके. हिवाळ्यातली यात्रा असेल तर भरिताची वांगी, केळीचा घड, तूर, वाळलेली लाल मिरची, मेहरूणची बोरं. दादर, म्हणजे इकडची रब्बी ज्वारी, तेव्हा शेतात उभी असते. तिचा गट ठेवला तर गेल्या वर्षीचं किडकं धान्य टेबलावर येतं.

वांग्यांना नियम असा: एकसारखे पाच नग, देठ बोटभर, त्याच पहाटे तोडलेले. जळगावच्या भरिताच्या हिरव्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा या गटात जांभळी वांगी घेऊच नका. चमक यावी म्हणून तेलाचा हात फिरवतात; कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसलं की लगेच कळतं, असा नमुना बाद. पाचांतलं एक परीक्षकाने उभं चिरायचं. आत बी कमी आणि कोवळं हवं, अळीचं भोक नको. बाहेरून देखणं वांगं इथेच हरतं.

केळीचा घड जमिनीवर ठेवला की खालच्या फण्या दबून काळ्या पडतात. तो टांगायचाच. चांगला घड पंचवीस-तीस किलोंचा. दहा घड म्हणजे तीन क्विंटलपर्यंत भार, त्याला मंडपाचा बांबू पुरत नाही. लोखंडी पाइपची चौकट करा, दोन्ही टोकांना तिरके टेकू द्या. दांडा वीतभर राखायला सांगा, नाहीतर दोरी सुटते. खाली जुने कागद अंथरा, चीक गळतो आणि त्याचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. शेजारी पिकलेली फळं ठेवू नका. त्यांच्या वायूने कच्चा घड पिवळा पडायला लागतो. नुसत्या वजनावर बक्षीस देऊ नका. १०० गुणांत सारखेपणा ३०, डाग-कीड नसणं २५, फण्यांची भरण २५, वजन २०. हा तक्ता निकालाबरोबर टेबलावर चिकटवला की अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, गट मात्र वेगळा. माल उन्हाळ्यात केलेला, म्हणजे इथे टिकवण्याचीही परीक्षा. सात नग मागवा: पाच कच्चे मांडायला, दोन संयोजकांनी एकाच कढईत तळायला. घरून तळून आणलेले घेतले तर फरक तेलाचा की बिबड्याचा, ते समजत नाही.

वेळापत्रक पाळलंच पाहिजे. नोंदणी ७ ते ९, मग दार बंद. ९:३० ते ११:३० परीक्षण; नावाची चिठ्ठी दुमडलेली, वर फक्त क्रमांक. परीक्षक गटामागे दोन, तालुक्याबाहेरचे; एक कृषी विज्ञान केंद्राचा, एक मुरलेला शेतकरी. उद्घाटन १२ नंतर. पाहुण्यांसाठी परीक्षण अडवलं की दुपारपर्यंत वांगी सुकतात आणि निकाल घाईत लागतो. निवेदन अहिराणीत ठेवा, टेबलांभोवती गर्दी टिकते.

आणि पत्रक यात्रेच्या आठवडाभर आधी छापून उपयोग नाही. वांग्याची लागवड पावसाळ्यात होते. गटांची यादी जूनमध्येच ग्रामपंचायतीच्या आणि सोसायटीच्या फळ्यावर लागली पाहिजे.