टाकीत क्लोरीन घालतो, मग नळाला लिजिओनेला का?

लिजिओनेला म्हणजे पाण्यातून येऊन न्यूमोनिया करणारा जंतू. तुम्ही विचारलंत म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. रुग्णालयांकडून येणारा प्रश्न थोड्याफार फरकाने असाच असतो: "टाकी वर्षातून दोनदा धुतो, रोज क्लोरीन घालतो, टाकीच्या पाण्याचा रिपोर्ट स्वच्छ येतो. तरी तिसऱ्या मजल्यावरच्या शॉवरमध्ये लिजिओनेला सापडला. टाकी पुन्हा धुवायची का?"

धुवा, हरकत नाही. पण त्याने तो शॉवर सुधारणार नाही. टाकीचा "स्वच्छ" रिपोर्ट बहुतेक वेळा कोलिफॉर्म आणि ई. कोलायचा असतो, म्हणजे पाण्यात मैला मिसळलाय का एवढंच तो सांगतो. लिजिओनेला मैल्यातून येत नाही. तो नदी-तळ्यांतला, मातीतला जंतू आहे. शुद्धीकरणातून थोडाफार निसटून इमारतीत येतो, आणि तिथे कोमट, थांबलेलं पाणी मिळालं की वाढतो. प्रयोगशाळेत जंतू वाढवायला वापरतात त्या नेहमीच्या माध्यमावर तो उगवतसुद्धा नाही. त्याला सिस्टीन आणि लोह घातलेलं कोळशाचं खास माध्यम लागतं, आणि अंतिम निकालाला दहाएक दिवस जातात. प्रयोगशाळेला "पाणी तपासा" असं सांगितलंत तर तो रिपोर्टमध्ये कधीच दिसणार नाही. "आयएसओ ११७३१ प्रमाणे लिजिओनेला कल्चर" (म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे जंतू वाढवून बघणं) असं लिहून द्यावं लागतं.

१९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेच्या संमेलनाला आलेली माणसं न्यूमोनियाने आजारी पडली, त्यावरून जंतूला हे नाव पडलं. तेव्हापासून त्याचे आकडे चांगले माहीत झालेत. २० अंश सेल्सिअसच्या खाली तो झोपून राहतो. २० ते ४५ अंशांत वाढतो, आणि पस्तिशीच्या आसपास सगळ्यात जोमाने. ६० अंशांना दोनेक मिनिटांत नव्वद टक्के जंतू मरतात. त्याच कामाला ५० अंशांना दीड-दोन तास लागतात. माणूस आजारी पडतो तो तुषार श्वासात गेल्याने, किंवा पिताना ठसका लागून पाणी फुप्फुसात उतरल्याने. धडधाकट माणसाचं सहसा काही बिघडत नाही. रुग्णालयात मात्र धडधाकट माणसं कमीच असतात.

आता क्लोरीनचं बघू. टाकीत ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, छान. तेच पाणी सर्वांत लांबच्या वॉर्डच्या शेवटच्या नळाला मोजा. वाटेत पाईपच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर, गंज आणि उष्णता क्लोरीन खात जातात, आणि शेवटी पुष्कळदा शून्य येतं. निदान ०.२ तिथे हवं. मोजायला डीपीडीचं किट घ्या, ज्यात पाणी गुलाबी होतं. ऑर्थोटोलिडीनच्या किटचा पिवळा रंग मोकळं क्लोरीन आणि दुसऱ्या पदार्थांशी बांधलं गेलेलं, कमजोर क्लोरीन नीट वेगळं दाखवत नाही, त्यामुळे उगाच समाधान मिळतं. पीएचही बघा. साडेसातला क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, साडेआठला जेमतेम दहावा. डोस तोच, नोंदवहीतला आकडा तोच, काम पाचपट कमी.

आणि क्लोरीन वाहत्या पाण्याबरोबरच पोचतं. १५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाईपमध्ये दर मीटरला पावणेदोनशे मिली पाणी मावतं. बंद खोलीच्या बाथरूमपर्यंतचा तीन मीटरचा फाटा म्हणजे अर्धा लिटर पाणी, आठवडाभर खोलीच्या तापमानाला. त्यातलं क्लोरीन लवकरच संपतं. नंतर कोणी शॉवर उघडला की तोच अर्धा लिटर आधी तोंडावर येतो. वॉश बेसिन काढून भिंतीत बूच मारून ठेवलेला फाटा तर त्याहून वाईट. तो कधीच वाहत नाही आणि मुख्य पाईपला जंतू पुरवत राहतो. असे फाटे भिंतीत बूच मारून सोडायचे नसतात, मुख्य पाईपच्या टी-जोडापर्यंत मागे जाऊन कापायचे असतात. उरलेला तुकडा पाईपच्या व्यासाहून लांब नसावा. नूतनीकरण करणारा प्लंबर हे आपणहून करणार नाही. कामाच्या आदेशातच लिहा.

त्या शॉवरचं तोंड एकदा सोडवून बघा. जाळीवर पांढरा क्षार, त्यात अडकलेले गंजाचे कण, आणि रबरी वॉशरवर बोट फिरवलं तर तपकिरी, गुळगुळीत साय. तिला बायोफिल्म म्हणतात. या सायीत अमिबा राहतात, ते लिजिओनेला गिळतात आणि लिजिओनेला त्यांच्याच पोटात वाढतो. अमिबाने कवच धरलं की लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनही आतल्या जंतूपर्यंत पोचत नाही. एकदा जोरदार डोस दिला, रिपोर्ट शून्य आला, आणि काही आठवड्यांत जंतू परत, असं होतं ते यामुळे. नळाशी जोडलेल्या जाळीदार आवरणाच्या लवचिक नळ्याही बघा. आतलं रबर या सायीला फार मानवतं. जिथे जमेल तिथे कडक पाईप वापरा.

गरम पाण्याची बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे औषधाशिवाय नुसत्या तापमानावर लढाई जिंकता येते, आणि तिथेच आपण हातची घालवतो. वीज वाचवायला आणि रुग्णाला भाजू नये म्हणून थर्मोस्टॅट ४५ वर ठेवला जातो. म्हणजे शेकडो लिटरची उबवणी. साठवण ६० अंशांना हवी, पंपाने इमारतीत फिरून टाकीकडे परत येणारं पाणी ५० च्या वर, आणि नळापाशी मिनिटभरात ५५. भाजण्याचा प्रश्न नळाशी सोडवायचा: तिथे थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-थंड पाणी मिसळून ठरावीक तापमान देणारा) बसवून शॉवरला ४१ अंशांवर मर्यादा घालायची. मात्र व्हॉल्व्हच्या पुढचं पाणी कायम कोमटच असतं, म्हणून तो नळापासून दोन मीटरच्या आत हवा, जितका जवळ तितका बरा. एकाच व्हॉल्व्हवर सहा शॉवर चालवणं ही हमखास सापडणारी चूक.

टाकीतल्या गरम पाण्याचे थर पडतात. वर ६० असतं तेव्हा तळाशी, गाळाजवळ, ३५ असू शकतं. रात्री वापर कमी असताना छोट्या पंपाने वरचं पाणी तासभर तळाशी फिरवा, आणि गाळ खालच्या ड्रेनमधून ठरावीक दिवसांनी काढा. सोलरवर आधी तापवलेलं पाणीही याच धोक्यात असतं. ते पुढच्या टाकीत ६० पर्यंत जायलाच हवं.

परतीच्या पाईपांचं गणित बऱ्याच ठिकाणी चुकलेलं असतं. पंपाजवळची फेरी सगळं पाणी ओढते आणि टोकाची फेरी थंड पडते. प्रत्येक परतीच्या पाईपला बाहेरून स्पर्श-थर्मामीटर लावा. ५० च्या खाली दिसली ती फेरी थांबलेली. बॅलन्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे प्रत्येक फेरीत किती पाणी जाईल ते ठरवणारे, जवळच्या फेऱ्यांचे आवळा. टोकाचे मोकळे करून भागत नाही. उलट प्रकारही असतो: मिक्सरमधला, पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह निकामी झाला की गरम पाणी गुपचूप थंड पाईपमध्ये शिरतं. थंडाचा पाईप हाताला कोमट लागला तर आधी हे तपासा.

थंड पाणी नियमाने २० अंशांच्या खाली हवं. उष्ण प्रदेशात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच तिशीत असतं, तिथे हा नियम भिंतीवर टांगून उपयोग नाही. तिथे टाकीला सावली, पाईपला इन्सुलेशन, गरम आणि थंड पाईप एकाच शाफ्टमध्ये चिकटवून न नेणं, एका दिवसाच्या गरजेहून फार मोठा साठा न ठेवणं, आणि शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन, यांवरच भिस्त. "आमच्याकडे आरओ आहे" हे उत्तर इथे चालत नाही. आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे पुढचे पाईप उघडेबोडके राहतात. अतिनील दिव्याचंही तेच: दिव्यासमोरचे जंतू मरतात, पुढच्या पाईपसाठी काही उरत नाही.

न वापरलेले नळ आठवड्यातून दोनदा वाहू द्या, अतिदक्षता विभागात रोज. तापमान स्थिर होईपर्यंत, काही मिनिटं. नळ एकदम सोडू नका. शॉवरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून खालचा कोपरा कापा, म्हणजे तुषार उडत नाहीत. हे काम करणाऱ्याच्या फुप्फुसाचाही प्रश्न आहे. नोंदवहीत बरोबरची खूण नको, आकडा हवा: किती वाजता, किती अंश, किती क्लोरीन. तीस दिवस एकाच पेनाने, एकाच अक्षरात "५५" लिहिलेलं दिसलं तर थर्मामीटर कपाटातून निघालेला नाही असं समजा.

लिजिओनेलाच्या मागे लागून स्यूडोमोनास या दुसऱ्या जंतूला विसरू नका. हा बहुतेक वेळा उलट्या दिशेने येतो: मोरीतून, हातांवरून, एकच फडका सगळ्या बेसिनांना फिरवल्याने. नळाच्या शेवटच्या काही सेंटिमीटरांत तो घर करतो. २०११-१२ च्या हिवाळ्यात उत्तर आयर्लंडमधल्या नवजात अतिदक्षता विभागांत बाळं दगावली, तेव्हा संशय नळांच्या आतल्या, धार सरळ करणाऱ्या प्लास्टिकच्या भागांपर्यंत गेला. म्हणून अशा विभागांत साधे, जाळी नसलेले नळ वापरा. धार थेट मोरीच्या भोकावर पडू देऊ नका, आतली घाण उडते. हात धुण्याच्या बेसिनमध्ये रुग्णाचं आंघोळीचं पाणी, उरलेली सलाइन किंवा दूध ओतू नका. बेसिनचा नळ आधी पुसा, मोरी शेवटी. नेब्युलायझर आणि ह्युमिडिफायर नळाच्या पाण्याने भरायचे किंवा विसळायचे नाहीत, निर्जंतुक पाणीच.

नमुना घेण्यात होणारी एक चूक सगळा रिपोर्ट वाया घालवते. बाटलीत सोडियम थायोसल्फेट नसेल तर क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतं आणि प्रयोगशाळेला "काही नाही" दिसतं. एका नळाचे दोन नमुने घ्या, प्रत्येकी एक लिटर: एक नळ उघडताक्षणी, दुसरा पाणी वाहू दिल्यावर. पहिल्यात जंतू आणि दुसऱ्यात नाही, तर बिघाड नळात किंवा शेवटच्या फाट्यात. दोन्हींत, तर मागच्या यंत्रणेत. टाकी धुवायची की शॉवर बदलायचा, याचं उत्तर इथे मिळतं. रुग्णाकडून सुरुवात करायची असेल तर एक लक्षात ठेवा: लघवीची अँटिजेन तपासणी प्रामुख्याने सेरोग्रुप १ हा लिजिओनेलाचा एक प्रकारच पकडते. ती निगेटिव्ह आली म्हणून पाणी सुटलं असं होत नाही, थुंकीचं कल्चरही पाठवा.

जोरदार डोस द्यायचाच असेल तर हिशेब असा. १०,००० लिटर पाण्याला दर लिटरमागे ५० मिलिग्रॅम म्हणजे ५०० ग्रॅम क्लोरीन: ३३ टक्क्यांची ताजी ब्लीचिंग पावडर दीड किलो, किंवा १० टक्क्यांचं हायपोक्लोराइट ५ लिटर. जुन्या डब्यातली ताकद निम्मी झालेली असू शकते, म्हणून आधी मोजा. पावडर वेगळ्या बादलीत कालवा, निवळ तेवढी घाला. प्रत्येक नळ क्लोरीन मोजमापात येईपर्यंत उघडा, बंद करा, तासभर थांबा, मग धुऊन काढा. त्या काळात पाणी कोणी वापरायचं नाही. आणि सगळ्यात आधी डायलिसिस युनिटला लेखी कळवा. क्लोरीन डायलिसिसच्या पडद्यातून थेट रक्तात जातं आणि तांबड्या पेशी फोडतं. तिथे दोन कार्बन टाक्या एकामागे एक हव्यात, आणि पहिलीच्या पुढे एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत. फोनवर सांगितलं आणि पाळी बदलली, असं होऊ देऊ नका.

आता तो तिसऱ्या मजल्यावरचा शॉवर. आजच बंद करा. प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण त्या मजल्यावर असतील तर त्यांच्या नळांना ०.२ मायक्रॉनचे फिल्टर लावा आणि उत्पादकाने दिलेल्या मुदतीत बदला. फिल्टरच्या तोंडाला हात किंवा फडका लागू देऊ नका. शॉवरचं तोंड आणि लवचिक नळी टाकून नवी घाला, जुनी धुऊन परत नको. मिक्सिंग व्हॉल्व्ह उघडून क्षार काढा, नॉन-रिटर्न तपासा. व्हॉल्व्हच्या अलीकडे गरम पाईप ५५ ला पोचतो का ते बघा. नसेल तर त्या फेरीचं बॅलन्सिंग आधी. शेजारचा बूच मारलेला फाटा असेल तर कापा. मग गरज उरली तर क्लोरीन. फेरतपासणीचा नमुना दुसऱ्या दिवशी घेऊ नका, तेव्हा रिपोर्ट गोडच येतो. दोन आठवडे रोजच्यासारखं वापरून घ्या, आणि नंतर दर दोन आठवड्यांनी, तीन महिने.